घराखालची पोकळी आणि जमिनीची ओल

महाराष्ट्रांतील घराचें जोतें भरींव असतें. पाया खणून काळ्या दगडाचे थर रचावे, आंत मुरूम व दगडगोटे घालून धुमसानें ठोकावे आणि वर फरशी बसवावी, ही येथील रूढ पद्धति. फरशीखालीं पोकळी असावी व त्या पोकळींत माणसाला शिरतां यावें, ही कल्पना येथील गृहस्थास चमत्कारिक वाटेल. अमेरिकेच्या आग्नेय भागांत मात्र, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया इत्यादि राज्यांत, असंख्य घरें नेमकीं अशा पोकळीवर उभीं आहेत. नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी राले आणि तिच्या शेजारचें केरी येथें आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. कित्येकांच्या दिवाणखान्याखालीं ही पोकळी आहे, आणि तींतील ओलीचा प्रश्न त्यांच्याहि वांट्यास आलेला आहे.

या पोकळीस तिकडे ‘क्रॉल स्पेस’ म्हणतात. अर्थ उघड आहे: रांगत जाण्याची जागा. घराच्या चारी बाजूंनीं विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत असते, मधें खांब असतात, त्यांवर लांकडी तुळया आणि तुळयांवर तक्तपोशी. खालीं नुसती माती. पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या तारा आणि घर थंड ठेवणाऱ्या हवेच्या पत्र्याच्या वाहिन्या हें सारें या अंधाऱ्या जागेंतून जातें. घर विकत घेतांना स्वयंपाकघर पाहतात, खिडक्या पाहतात, बागेंतील झाडेंहि पाहतात; ज्या तुळयांवर हें सर्व उभें आहे त्यांच्याकडे वांकून पाहणारा गृहस्थ विरळा.

माती वरून कोरडी दिसली म्हणजे ती कोरडी असते असें नाहीं. पृष्ठभागाखालीं थोड्या अंतरावर ओल असते, आणि ती वाफेच्या रूपानें अखंड वर येत असते. उघड्या जागीं ती वाऱ्याबरोबर निघून जाते, म्हणून लक्षांत येत नाहीं. कोरड्या दिसणाऱ्या मातीवर रात्रभर मेणकापड पसरून ठेवावें. सकाळीं त्याच्या खालच्या अंगास ओलावा लागलेला आढळतो. घराखालीं ही वाफ कोंडली जाते आणि वरच्या लांकडांत मुरते. लांकूड कुजतें, हा अनुभव जुना आहे. त्यावर सुचलेला उपायहि सर्वांस पटेल असाच होता: भिंतींना झरोके ठेवा, हवा आरपार खेळूं द्या, म्हणजे ओल निघून जाईल.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा उपाय अमेरिकन बांधकामाच्या नियमांतहि रूढ झाला. दर १५० चौरस फूट जमिनीमागें १ चौरस फूट झरोका, हें त्याचें प्रमाण. पंधराशें चौरस फुटांच्या घरास याप्रमाणें १० चौरस फूट झरोके लागतात. त्याच नियमाला एक पुरवणी आहे. जमिनीवर वाफ अडविणारें आच्छादन पसरलें असेल, तर १,५०० चौरस फुटांस १ चौरस फूट झरोका पुरतो. म्हणजे एका मेणकापडासारख्या आच्छादनानें झरोक्यांची गरज एकदम दहाव्या हिश्शावर येते. खरें काम वाऱ्याचें नसून आच्छादनाचें आहे, ही कबुली नियमाच्या पोटांतच दडलेली होती. ती वाचूनहि लोकांनीं झरोक्यांवरचा विश्वास सोडला नाहीं.

हा विश्वास कोठें फसतो, हें पाहण्यासाठीं थोडा हिशेब करावा लागतो. हवा जितकी ऊन तितकी पाण्याची वाफ तिच्यांत अधिक मावते. ती थंड झाली कीं तिची धारणशक्ति घटते. हवेंत जितकी वाफ मावूं शकेल तिच्या शेंकडा किती भाग प्रत्यक्ष आहे, यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. कॅरोलायनांतील जुलैचा एखादा दिवस घ्यावा. बाहेर ३२ अंश सेंटिग्रेड उष्णता आहे आणि सापेक्ष आर्द्रता शेंकडा ५५ आहे. अशी हवा कोणास फारशी दमट म्हणवणार नाहीं. ही हवा झरोक्यांतून घराखालीं शिरते. तेथें जमीन सावलींत राहून थंड झालेली असते, आणि वरच्या खोल्या थंड ठेवणारीं यंत्रें चालू असल्यामुळें तक्तपोशीहि गार असते. समजा, आंत आलेली हवा २४ अंशांपर्यंत निवाली. तिच्यांतील वाफ थेंबभरहि वाढली नाहीं, परंतु तिची सापेक्ष आर्द्रता आतां शेंकडा ८८ च्या घरांत गेली. तीच हवा २२ अंशांच्या वस्तूस लागली तर ती पूर्ण भरते आणि दंव धरूं लागतें. थंड हवेच्या वाहिन्यांचा पत्रा तर २२ अंशांहूनहि पुष्कळ गार असतो. त्यावरील आवरण कोठें फाटलेलें असेल तर तेथून पाणी टपटप गळतें, आणि घरमालक नळ गळतो म्हणून कारागिराला बोलावणें धाडतो.

ज्या झरोक्यांतून ओल बाहेर जावयाची, त्यांच्याच वाटे ती उन्हाळाभर आंत येत असते, असा हा प्रकार आहे. याहून विचित्र गोष्ट अशी कीं, हिवाळ्यांत बाहेरची हवा थंड व खरोखरच कोरडी असते, आणि तेव्हां ती आंत घेतल्यास लांकूड वाळेल. पण नळांतील पाणी गोठण्याच्या भीतीनें लोक नेमके त्याच वेळीं झरोके बंद करतात. उन्हाळा आला कीं ते आठवणीनें उघडतात!

मराठी गृहिणीस हा हिशेब आंकड्यांवांचून ठाऊक आहे. उन्हाळ्यांत केलेले पापड वैशाखाच्या उन्हांत ती मोकळ्या हवेवर वाळविते, आणि तेच पापड आषाढांत घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेविते. श्रावणांत पापडांना वारा लागावा म्हणून डब्याचें झांकण कोणी उघडें टाकीत नाहीं. ‘हवा खेळती असावी’ हा नियम चांगला खरा, पण ती हवा वाळविणारी आहे कीं भिजविणारी आहे हें ऋतु ठरवितो. घराखालच्या पोकळीची गोष्ट त्या डब्यासारखीच आहे; फरक इतकाच कीं या डब्याला तळ नाहीं, आणि तळाशीं ओली माती आहे.

परिणाम सावकाश दिसतात, म्हणूनच ते महाग पडतात. सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० च्या वर फार काळ राहिली कीं लांकडावर बुरशी धरते. ८८ च्या आसपास ती राहिली तर तुळयांतील पाण्याचें प्रमाण लांकडाच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० च्या जवळ पोंचतें, आणि जाणते कारागीर येथेंच सावध होतात. कुजविणाऱ्या बुरशीस याहून अधिक, सुमारें शेंकडा २८ ते ३० पाणी लागतें; दंव टपकत असलेल्या जागीं तेंहि मिळून जातें. ओलें लांकूड वाळवीस सोईचें. तक्तपोशीखालीं उबेसाठीं लावलेले कांचतंतूंचे थर भिजून जड होतात व खालीं लोंबूं लागतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास याचें काय, असें मात्र कोणी म्हणूं नये. थंडीच्या दिवसांत घरांतील ऊन हवा वरच्या बाजूनें निसटते आणि तिची जागा भरण्यासाठीं तक्तपोशीच्या फटींतून खालची हवा वर ओढली जाते. नळांसाठीं पाडलेलीं भोकें व हवेच्या वाहिन्यांचे सैल सांधे तिला आयतीच वाट देतात. बुरशीचा कुबट वास, तिचे सूक्ष्म कण आणि कांहीं प्रदेशांत मातींतून निघणारा रेडॉन नांवाचा वायु हे सर्व या मार्गानें निजायच्या खोलींत येतात. लहान मुलास दम्याचा विकार असलेल्या घरांत ही बाब केवळ लांकडाच्या दुरुस्तीची राहत नाहीं.

हा सर्व विचार कागदावरच राहिलेला नाहीं. नॉर्थ कॅरोलायनांत टार नदीच्या कांठीं प्रिन्सव्हिल नांवाचें एक लहान गांव आहे. गुलामगिरींतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनीं तें वसविलें आणि १८८५ साली त्यास गांवाचा कायदेशीर दर्जा मिळाला. १९९९ सालच्या फ्लॉइड वादळांत नदीच्या पुरानें हें सारें गांव बुडालें. पुढें तेथें बांधलेल्या नव्या घरांपैकीं एकसारख्या बारा घरांवर अॅडव्हान्स्ड एनर्जी या राले येथील संस्थेनें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं प्रयोग केला. कांहीं घरांस नेहमींप्रमाणें झरोके ठेवले, आणि त्यांच्याहि जमिनीवर आच्छादन घातलें होतें. बाकीच्यांचे झरोके बंद करून पोकळी सर्व बाजूंनीं मिटविली. झरोक्यांच्या घरांखालीं उन्हाळ्यांत आर्द्रता दीर्घकाळ शेंकडा ८० च्या वर राहिली. मिटविलेल्या घरांखालीं ती पुष्कळच खालीं होती. शिवाय घर ऊन व थंड ठेवण्यास लागणारी शक्ति सरासरी शेंकडा १५ किंवा अधिक वांचली. पुरानें सर्वस्व गेलेल्या कुटुंबांना दरमहा येणाऱ्या विजेच्या बिलांत हा फरक लहान नव्हता. अमेरिकेंत अनेक ठिकाणीं आधारभूत मानल्या जाणाऱ्या निवासी बांधकामाच्या नियमसंहितेंत झरोक्यांवांचूनच्या पोकळीस आतां रीतसर मान्यता आहे.

तथापि झरोके बुजविले म्हणजे काम झालें, असा समज करून घेणें घातक ठरेल. जमीन उघडी ठेवून नुसते झरोके बंद करणें म्हणजे मातीची वाफ घरांत कोंडून घेणें. कामास क्रम आहे, आणि त्याचा आरंभ घराच्या बाहेर होतो. छपराच्या पागोळ्या पन्हळींत धरून तें पाणी भिंतीपासून दूर सोडलें पाहिजे. भोंवतालच्या जमिनीस घरापासून बाहेर उतार हवा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच, असें त्याचें प्रमाण मानतात. ज्या पोकळींत पावसाचें पाणी सांचतें तेथें आच्छादन टाकून उपयोग नाहीं. तें पाणी आच्छादनाच्या वर येऊन तळें करील. तेथें आधीं निचऱ्याची चर किंवा पाणी उपसणारा लहान पंप बसवावा लागतो.

यानंतर जमीन झांकणें. पॉलिथीनचा कापडासारखा पत्रा निदान ०.१५ मिलिमीटर जाडीचा असावा. वर माणूस रांगणार असल्यामुळें याहून जाड घेतलेला बरा. दोन पत्रे सांध्यापाशीं सहा इंच एकमेकांवर चढवून चिकटपट्टीनें बंद करावे. कडा भिंतीवर सहा इंच चढवून तेथेंहि पक्क्या बसवाव्या, आणि प्रत्येक खांबाभोंवतीं तशीच गुंडाळी करावी. एक फट राहिली तरी वाफेस पुरे होते असें नव्हे. फट जितकी, वाफ तितकी, एवढेंच. परंतु कंटाळून कोपरा उघडा टाकणारा कारागीर बहुधा सर्वच कोपरे तसे टाकतो. भिंतींना उष्णतारोधक थर लावावयाचा असेल तर वरच्या कडेस तीन इंचांची पट्टी मोकळी ठेवावी. वाळवीच्या मातीच्या नळ्या तेथूनच दिसतात.

मिटविलेल्या जागेंत शेवटीं ओल शोषण्याची सोय हवी, कारण थोडी वाफ कोठून तरी येतेच. घरांतील थंड व कोरडी हवा मोजक्या प्रमाणांत खालीं सोडतां येते. दर ५० चौरस फुटांस मिनिटास १ घनफूट इतकें प्रमाण पुरतें. नाहीं तर हवेंतील पाणी काढून घेणारें यंत्र ठेवतात. पूरप्रवण भागांत भिंतींत पुराच्या पाण्याच्या दाबानें उघडणाऱ्या खिडक्या ठेवाव्याच लागतात, अन्यथा पाण्याचा रेटा भिंत पाडील. पोकळींत गॅसची भट्टी किंवा पाणी तापविण्याचा बंब असेल, आणि त्याची ज्वाला त्याच जागेंतील हवेवर जळत असेल, तर तज्ञास दाखविल्याखेरीज एकहि झरोका बंद करूं नये. हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांत पसरण्याचें तेथें भय असतें, आणि त्या वायूस वास नसतो.

काम नीट झालें कीं नाहीं हें पाहण्यास अल्प किंमतीचें आर्द्रतामापक पुरें होतें. तें पोकळींत ठेवून निदान एक उन्हाळा जाऊं द्यावा. आंकडा शेंकडा ६० च्या आसपास किंवा खालीं राहिला तर तुळया सुरक्षित आहेत. तो ७० च्या वर ठाण मांडून बसला, तर यंत्र बदलण्यापूर्वीं पोकळींत शिरण्याच्या दाराची कड नीट मिटते कीं नाहीं तें तपासावें, आणि एखाद्या मुसळधार पावसांत बाहेर उभें राहून पन्हळीचें पाणी कोठें पडतें तें पाहावें.