चहा सांडला, फायली वाचतील?

लॅपटॉपवर चहा सांडला की पॉवर बटण दाबून धरून तो बंद करा, चार्जर काढा. ‘चालतोय का बघू’ हा मोहच फायलींच्या मुळावर येतो. तांदळाच्या डब्याने काही साधत नाही. अनेकदा मदरबोर्ड जातो, पण अडीच इंची हार्ड डिस्क शाबूत राहते. कोरडी असेल तर साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवून घ्या. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. डिस्कवर चिकट डाग दिसले किंवा टकटक ऐकू आली, तर तिथेच थांबा. डिस्कचं झाकण तर उघडूच नका: आतलं हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कणही घात करतो. पुरात बुडालेली डिस्क न वाळवता, ओलसरच, बंद पिशवीतून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.