काचपेटीतील समुद्र



मुंबईला चर्नी रोडजवळ १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना समुद्री माशांचे वेड कसे लागते हे सांगायला नको. असे वेड घेऊन घरी आलेला माणूस काचपेटी विकत घेतो, पाण्यात समुद्री मीठ कालवतो आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणून सोडतो. पाणी आरशासारखे नितळ असते. तरी आठवड्याभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि मरतात. मग दोष दुकानदाराला दिला जातो. वस्तुतः तो घाईचा असतो.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले म्हणजे त्याचाही अमोनियाच होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. शंभर लिटरांच्या पेटीत तो जाणार कुठे? तो माशाचेच कल्ले जाळतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, आणि सामू जितका चढा तितका अमोनिया अधिक विषारी.

यावर निसर्गाने काय योजना केली आहे, हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युन्त्झ यांनी दाखवून दिले. वाळू आणि खडू भरलेल्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी सावकाश झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ते थांबले. अर्थात हे काम जिवंत जंतूंचे होते. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने सिद्ध केले की, एक जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. २००५ साली तर पहिले काम करणारा एक अगदी निराळ्या कुळातला सूक्ष्मजीव अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील खडीतच सापडला.

आता यात मेख कोठे आहे ती पाहा. कातखात्यात सूत निघू लागले आणि विणखाते अजून उभे राहिले नाही, तर मधल्या जागेत सुताचे ढीग साचतात. नव्या पेटीत नेमके हेच होते. अमोनिया उतरू लागतो, पण नायट्राइट चढतच राहते; कारण दुसरे जंतू मागाहून आणि सावकाश वाढतात. सारे मार्गी लागायला साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात.

तेव्हा करावे काय? नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जंतूंना मारतो, म्हणून तो आधी घालवावा. पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असावेत आणि उष्णता २६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावी. जंतू पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून सच्छिद्र खडक, वाळू आणि गाळणी ही त्यांची घरे. जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू मिळाली तर विरजणासारखी कामी येते. अन्न म्हणून शुद्ध नवसागर घालावा. शंभर लिटरांस ०.६ ग्रॅम घातल्यास अमोनियाचे प्रमाण लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होते. पंप चालू राहू द्यावा, कारण या जंतूंना प्राणवायू लागतो. दिव्याची गरज नाही. त्याने शेवाळ मात्र माजते.

पेटी तयार झाल्याची खूण पक्की आहे. तेवढाच नवसागर पुन्हा घालावा. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य भरली पाहिजेत. साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी मग बरेचसे पाणी बदलावे आणि एकदोनच मासे सोडावेत. जंतूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या बेताने राहते. एकदम दहा मासे सोडले तर तिला ते पेलवत नाहीत. पुढेही गाळणी नळाखाली धुऊ नये, पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावी.

काही जण नवसागराऐवजी एखादा काटक मासाच सोडून पेटी चालू करतात. अमोनियाने कल्ले भाजत असता तो जगला, तर त्याला काटक म्हणायचे! समुद्री मासे पुष्कळदा प्रवाळांतून धरून आणलेले असतात, आणि पेटीतले पाणी सोसवले नाही तर दुसरीकडे जाण्याची वाट त्यांना नसते. महिनाभर घरात नुसत्या पाण्याची पेटी पाहून शेजारी हसले, तर खुशाल हसू द्यावे.