आबांची भूमिका कोण करणार?

मैत्रिणींनो, आपल्या मुली कॉलेजात पहिला वर्ग मिळवतात. पण बँकेच्या खिडकीशी उभं राहून दोन वाक्यं धडपणे बोलता येतात का त्यांना? बी. ए. झाले तेव्हा मलाही येत नव्हती! म्हणूनच घर सांभाळून अर्धवेळ शिकवायला लागले तेव्हा ठरवलं, पोरींना बोलतं करायचं, आणि तेही नाटकातून.

कोल्हापूरकरांना नाटकाचं वेड काय सांगावं? शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवातही पथनाट्य, मूकनाट्य रंगतं. पण तिथं बक्षिसाकडे डोळे. चुकून चालत नाही. वर्गातल्या नाटकात मात्र चुकायचंच असतं!

ही रीत ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची. एक अवघड प्रसंग करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणावं, पुढं यावं आणि वेगळं वागून पाहावं. ज्योती म्हापसेकरांच्या 'मुलगी झाली हो' या नाटकानं १९८३ पासून आपल्याकडच्या बायकांना विचार करायला लावलंच होतं. इथं तर बघणारीच नाटकात शिरते.

गेल्या वर्षी मी मुलींकडून निनावी चिठ्ठ्या घेतल्या. एकीत होतं, 'स्थळ आलंय, शिक्षण बंद होणार.' तोच प्रसंग घेतला. मुलीच्या जागी एक जण रडली, एक भांडली, एक गप्पच राहिली. आबांची भूमिका करायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी एसटीनं लांबून येणारी एक अबोल मुलगी उठली. खुर्चीत बसली आणि बोलून गेली, "संध्याकाळची शेवटची गाडी चुकली, तर पोरीला आणायला कोण जाणार गं?"

वर्ग चिडीचूप. चिठ्ठी तिचीच होती, हे मला नंतर कळलं. आबांचा राग शिक्षणावर नव्हताच. होती ती काळजी! घरी ती भांडली नाही. सकाळचे तास, मैत्रिणीची सोबत, वसतिगृहाचा खर्च असं सगळं कागदावर मांडून बोलली. लग्न पदवीपर्यंत थांबलं. सगळ्याच घरी असं होतं असं नाही हं. दुसऱ्या एकीच्या घरी कुणी ऐकलं नाही. पण आपलं म्हणणं तिनं मांडलं तरी.

तुम्हीही रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं हे करून पाहा. नोकरीची मुलाखत, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारणं, उसने पैसे मागणाऱ्याला 'नाही' म्हणणं, काहीही घ्या. पथ्यं तीनच: कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही, चुकणाऱ्याला हसायचं नाही आणि शेवटी भूमिकांची अदलाबदल करायचीच.

आणि हो, मुलाला एकदा आईची भूमिका द्या. आमच्या चिरंजीवांनी माझी भूमिका करताना पाच मिनिटांत चारदा म्हटलं, "मला कुणी विचारतंच कुठं?" सगळे हसले, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ते वाक्य काही मनातून जाईना!