ब्रेक वळणाआधी! ट्रॅक डेवरून धंद्याचा धडा
ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, १६ वळणांचं. तिथे ट्रॅक डेला सुपरबाइक घेऊन उतरलात, तरी पहिल्या फेऱ्या सावकाशच मारायच्या. टायर थंड असतात, पकड कमी असते. जोरात ब्रेक लावायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. वाकलेल्या गाडीला कचकन ब्रेक लावला की टायर घसरतो. शिवाय साध्या विमा पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी सहसा बसत नाही. पडलात तर खर्च खिशातून.

धंद्यातही हेच. नवीन माल आधी थोडाच भरा. उधारी सीझनआधी आवरा; ऐन गर्दीत आवरायला गेलात तर गिऱ्हाईक तुटतं. आणि कर्ज काढण्याआधी स्वतःला विचारा: पडलो, तर पैसे कुठून आणणार?