पंचाने वाचून सही करावी

‘पंचनामा’ हा मराठीतला माझ्या आवडीचा शब्द आहे. त्यातला ‘पंच’ आपल्या पारावरचा आणि ‘नामा’ फारसीतून आलेला. दोघं आपल्या भाषेत असे एकजीव झाले, की कोण कुठला हे आता कुणी विचारत नाही. शब्द जसा गोड, तसाच त्यामागचा विचारही मोठा आहे. पोलिस झडती घेतात तेव्हा त्या वस्तीतले किमान दोन तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी समोर हजर असावेत. त्यांच्या डोळ्यांदेखत जे घडलं तेवढंच कागदावर यावं आणि खाली त्यांची सही असावी. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आता तर झडतीचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं.

म्हणजे कायद्याने पोलिसांच्या हाती अधिकार दिला आणि शेजारी साधा नागरिक उभा केला. प्रश्न असा, की तो नागरिक करतो काय?

मी एकदा पंच झालो होतो. नुकताच बीए झालो होतो. चौकात चहा पीत उभा असताना एका हवालदारांनी हाक मारली, “शिकलेले दिसता, जरा दोन मिनिटं चला.” गेलो, तर झडती आटोपलेली. टेबलावर एक गाठोडं होतं आणि पंचनामा लिहून तयार होता. “इथं सही करा, साहेब.” मी केली. जे पाहिलं नव्हतं ते समक्ष पाहिलं, असं माझ्या सहीने सांगून टाकलं. कोपऱ्यातल्या बाकावर माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. पुढे मला साक्षीला कुणी बोलावलं नाही आणि त्या मुलाचं काय झालं, हे मला कधी कळलं नाही. कागद वाचायला मागण्याचा हक्क मला होता. मी मागितला नाही, कारण मला भीती वाटली आणि घाईही होती.

म्हणूनच इंग्लंडमधली एक पद्धत वाचनात आली तेव्हा ती मी बारकाईने समजून घेतली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

दक्षिण लंडनमध्ये ब्रिक्स्टन नावाचा भाग आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांची तिथे मोठी वस्ती. एप्रिल १९८१ मध्ये पोलिसांनी तिथे साध्या वेशात मोहीम काढली. रस्त्यावर माणसं अडवायची, झडती घ्यायची. काही दिवसांत ९४३ जणांना अडवलं, त्यांपैकी ११८ जणांना अटक झाली. हिशेब करून पाहा. आठांतल्या सात जणांना नुसतंच अडवून सोडून दिलं. १० ते १२ एप्रिल या तीन दिवसांत ब्रिक्स्टन पेटलं. चौकशीसाठी न्यायमूर्ती लॉर्ड स्कारमन यांना नेमलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात एक साधी सूचना होती: पोलिस ठाण्यात कोठडीत काय चालतं, हे पाहायला सामान्य नागरिकांनी आगाऊ न कळवता जावं.

ही सूचना कागदावर राहिली नाही. आधी काही ठिकाणी प्रयोग झाले आणि २००२ च्या पोलिस सुधारणा कायद्याने या नागरिकांना, म्हणजे कोठडी अभ्यागतांना, इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याचं अधिष्ठान मिळालं. ही माणसं बिनपगारी असतात. जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळतो. त्यांना पोलिस खातं नेमत नाही, पोलिसांवर देखरेख ठेवणारी नागरी यंत्रणा नेमते. दोघादोघांच्या जोडीने ती जातात. दिवसा किंवा रात्री, कधीही. ठाण्याने त्यांना विनाविलंब आत घ्यायचं असतं. कैद्याची संमती असेल तर ती त्याच्याशी बोलतात. विचारतात काय? जेवण मिळालं का, पांघरूण आहे का, औषध दिलं का, घरी कळवलं का, वकील मिळू शकतो हे सांगितलं का. गुन्ह्याबद्दल एक अक्षरही विचारायचं नाही. तो दोषी की निर्दोष, हा त्यांचा विषय नाही. तो माणूस आहे आणि या क्षणी पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात आहे, एवढाच त्यांचा विषय. मग जे दिसलं त्याचा लेखी अहवाल द्यायचा.

दुसरी पद्धत झडतीची. १९८४ च्या कायद्याने तिथल्या पोलिसांना रस्त्यावर झडती घेण्याचा अधिकार दिला, पण संशयाला सबळ कारण हवं, ही अट घातली. रंग, धर्म, वय किंवा पूर्वीची शिक्षा एवढ्यावरून संशय धरता येत नाही. कारणाची नोंद करावी लागते आणि अडवलेल्या माणसाला तिची प्रत मागता येते. या नोंदी स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींना तपासू द्याव्यात, असं तिथली नियमावली सांगते. त्यातूनच ठिकठिकाणी नागरिकांची तपासणी मंडळं उभी राहिली. ही माणसं एकत्र बसून नोंदी वाचतात आणि पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहतात. लिहिलेलं कारण पुरेसं होतं का? बोलणं सभ्य होतं का? उगाच बेड्या घातल्या का? काही वेळा मंडळ म्हणतं, शिपायाचं चुकलं. काही वेळा म्हणतं, शिपायाने फार संयमाने काम केलं. हे दुसरंही तितकंच महत्त्वाचं. प्रामाणिक पोलिसाला त्रयस्थ साक्षीदारासारखा आधार नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही मंडळं सल्ला देऊ शकतात, शिक्षा नाही. कोणत्या नोंदी तपासायच्या हे पोलिसच ठरवू लागले, तर तपासणी नावापुरती उरते. २०१९-२० मध्ये तिथे गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीयांची झडती होण्याचं प्रमाण जवळपास नऊ पट होतं. २०२२-२३ मध्येही ते साधारण चौपट होतंच. नाव सांगताच समोरच्याच्या नजरेत होणारा बदल मलाही ओळखीचा आहे. त्यामुळे या आकड्यांमागची माणसं मला दिसतात. पण एक लक्षात घ्या. हा आकडा आपल्याला कळतो, तोच मुळी प्रत्येक झडतीची नोंद होते म्हणून. नोंदच नसती, तर तक्रार ही नुसती कुरकुर ठरली असती.

आपल्याकडे काय आहे? पुष्कळ आहे. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्याचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा निर्देश दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा लेखी कागद हवा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. पुन्हा शेजारीच आला, पाहा! २०१५ मध्ये याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की नियमांत तशी तरतूद असेल तिथे तुरुंगांत आणि पोलिस ठाण्यांत बिगरसरकारी अभ्यागत नेमण्याचा विचार करा. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला.

भिवंडीचं उदाहरण आपल्या घरचंच. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पण सहकार्य वेगळं आणि तपासणी वेगळी. मोहल्ला समितीत नागरिक पोलिसांबरोबर बसतो. अभ्यागत पोलिसांचं काम पाहायला जातो. बरोबर बसण्याची सवय आपल्याला थोडीफार झाली आहे. पाहायला जाण्याची अजून व्हायची आहे.

ती सुरुवात मोठ्या कायद्याची वाट न पाहता करता येते. कधी पंच म्हणून बोलावलं तर टाळू नका, जा. मात्र झडती सुरू होण्याआधी पोचा. जे पाहिलं नाही त्यावर सही करू नका. कागद शांतपणे वाचा, मोकळी जागा दिसली तर तिथे रेघ ओढायला सांगा. शेजारच्या मुलाला अटक झाली तर त्याच्या आईबरोबर ठाण्यात जा आणि अटकेच्या कागदावर तारीख, वेळ बरोबर लिहिली आहे का ते पाहा. यात पोलिसांशी वैर नाही. कायद्याने आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे, तिथे उभं राहायचं, एवढंच.

बाकावरचा तो मुलगा आता माझ्यासारखाच पन्नाशी ओलांडलेला असेल. तो दोषी होता की नव्हता, मला ठाऊक नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतंच. माझं काम होतं पाहणं, आणि मी न पाहता सही केली. तुम्ही तसं करू नका, एवढंच सांगायला आज तुमच्यापुढे आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)