हॉर्नची अर्थिंग
जुन्या गाडीचा हॉर्न घोगरा झाला की ड्रायव्हर आधी हॉर्नलाच दोष देतो. सिन्नरजवळ, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या वायरिंगच्या दुकानापुढे कांदा वाहणारी एक जुनी टाटा ४०७ उभी होती, तिच्या ड्रायव्हरचंही तेच म्हणणं. "भाऊ, हा गेला. चांगला मोठ्या आवाजाचा बसवून टाका." मिस्त्रींनी हॉर्न खोलला आणि दोन वायरींनी थेट बॅटरीला लावला. तो असा कडाडला की पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

हॉर्न शाबूत होता, त्याच्यापर्यंत ताकद पोचत नव्हती. आतलं काम साधं पण नेमकं असतं. विद्युतचुंबक पोलादी पडद्याला ओढतो, ओढताना पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा मिटतात. हे सेकंदाला ४०० ते ५०० वेळा होतं. १२ व्होल्टच्या जागी ८-९ मिळाले की पडदा पुरता खेचला जात नाही, नुसती घरघर उरते. मग कोणी मागचा स्क्रू पिळून पॉइंटचं अंतर बिघडवतो, कोणी जास्त करंट ओढणारा हॉर्न आणतो. वाटेत अडथळा असेल तर करंट जितका जास्त, तितके व्होल्ट वाटेतच जास्त गळतात. मोठा हॉर्न हा या दुखण्यावर उलटा उपाय आहे.

हॉर्न पुन्हा जागेवर लावून मिस्त्रींनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली, लाल पिन हॉर्नच्या अंगाला, आणि ड्रायव्हरला बटण दाबायला सांगितलं. इथे आकडा जवळपास शून्य हवा. तो ३ व्होल्टच्या वर गेला. टेस्ट लॅम्पवर विसंबणाऱ्यांचा घोटाळा होतो तो इथेच. बारीक बल्ब इतका कमी करंट घेतो की खराब अर्थवरही झकास पेटतो. हॉर्न ४-५ अँपिअर मागतो, त्याला पाऊण ओहमचा गंजही भारी पडतो.

हा हॉर्न एका वायरीचा. परतीचा करंट त्याच्या पट्टीतून, बोल्टातून, पत्र्यातून जायचा. पट्टीखाली रंगाचे थर, त्याखाली गंज. त्यात केबिन चासीवर रबरी बुशांवर बसते, इंजिनही रबरावर. त्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी तुटली तर करंट भलतीच वाट धरतो, स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटरची केबलसुद्धा तापते. या गाडीची पट्टी अर्धी झिजली होती, तिच्यावर हिरवा कळक चढला होता.

पट्टी बदलली. हॉर्नला मात्र पत्र्याच्या भरवशावर ठेवलं नाही. पॉझिटिव्हइतक्याच जाडीची, अडीच एमएमची काळी वायर हॉर्नच्या बोल्टापासून थेट चासीवर आणली. कानशीनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, थिंबल दाबून बसवलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. या घासण्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा. घाईच्या दुकानांत नेमकं हेच गाळतात.

नंतर रिले. जुन्या वायरिंगमध्ये हॉर्नचा सगळा करंट बटणातून जात होता, त्यामुळे आतले पॉइंट काळे पडले होते. आता बॅटरीजवळच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून हॉर्नला. ८६ ला फ्यूजमधलाच करंट, ८५ ची बारीक वायर बटणाकडे. बटण दाबलं की ती वायर अर्थ होते. बटणावर आता अँपिअरचा लहानसा अंश येतो. पीळ मारून टेप गुंडाळलेला एकही सांधा त्यांनी ठेवला नाही.

मीटर पुन्हा लावलं. आकडा ०.१. आवाज भरदार आला, तरी गाडी सोडली नाही. मिस्त्रींनी ड्रायव्हरला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला लावलं, बटण दाबून धरून. डावीकडे शेवटच्या पाव फेऱ्यात आवाज तुटला. स्टेअरिंगखालच्या पितळी रिंगवर तेवढ्या भागात काळा थर होता आणि कार्बन तिथे नीट टेकत नव्हता. स्टेअरिंग उतरवून रिंग बारीक पॉलिश पेपरनं साफ केली, कार्बनची स्प्रिंग बदलली, आणि पुन्हा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं.