रेडिओच्या अभ्यासक्रमात काय शिकतात?

बारावीचा निकाल लागला की वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी एक-दोन मुलं हमखास विचारतात, "सर, माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. रेडिओत जाऊ का?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी महाविद्यालयात हा विषय कसा शिकवतात ते पाहायला हवं. कारण तिथली खरी सुरुवात आवाजापासून होत नाही, ऐकण्यापासून होते.

लग्नाच्या मांडवात सनई वाजत असते, भांडी आदळत असतात, मुलं रडत असतात. तरी शेजारी बसलेल्या काकांचं बोलणं आपल्याला कळतं. दोन कान आणि मेंदू मिळून हवा तो आवाज निवडतात, बाकीचा मागे सारतात. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं १९५३ साली यावर प्रयोग केले होते. मायक्रोफोनजवळ ही सोय नाही. त्यात एक पातळ पडदा असतो. हवेचा दाब बदलेल तसा तो हलतो आणि त्या हालचालीचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं. सनई, भांडी आणि काका त्याला सारखेच! म्हणून नवख्या विद्यार्थ्यानं केलेलं पहिलं ध्वनिमुद्रण ऐकलं की त्याला धक्का बसतो. आपण बोलत असताना पंखा एवढा घरघरत होता?

हे वर्गात सहज करून पाहता येईल. रिकाम्या वर्गात मोबाइल टेबलावर ठेवा. तोंड त्यापासून एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर ठेवून चार वाक्यं मुद्रित करा. मग तीच वाक्यं तेवढ्याच आवाजात चार विती अंतरावरून बोला. मोबाइल आपणहून पातळी जुळवून घेतो, त्यामुळे आवाज लहानमोठा झालेला फारसा जाणवणार नाही. पण दुसरं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटेल. असं का व्हावं? अंतर चौपट केलं की तोंडातून थेट येणाऱ्या ध्वनीची तीव्रता एक सोळांश होते. भिंतींवर आपटून येणारा ध्वनी मात्र खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो. थेट ध्वनी घटला, निनाद तेवढाच राहिला. यंत्रावरच्या कोणत्याही बटणाहून हे अंतर महत्त्वाचं, असं माझं मत आहे.

निनादाचं गणित वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकानं मांडलं. हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली हे काम सॅबिनकडे आलं. रात्री सगळीकडे सामसूम झाली की जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून, ऑर्गनची एक नळी वाजवून, तो ध्वनी विरायला लागणारा वेळ मोजत बसे. त्यातून साधं सूत्र निघालं: निनादकाळ म्हणजे ०.१६ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक, कारण तिथून गेलेला ध्वनी परत येत नाही.

आता आपलाच वर्ग घ्या. ८ मीटर लांब, ६ रुंद, साडेतीन उंच. घनफळ १६८ घनमीटर. गिलावा केलेल्या भिंती, छत आणि फरशी मिळून शोषण जेमतेम ६ एकक. चार उघड्या खिडक्यांचे ७. एकूण १३, म्हणजे निनादकाळ दोन सेकंदांहून थोडा जास्त. त्यात ५० मुलं बसवली आणि प्रत्येकामागे ०.४ एकक धरले, तर शोषण ३३ होतं आणि निनादकाळ ०.८ सेकंदावर येतो. मुलंच वर्गातल्या गाद्या! मात्र खिडकी उघडली की निनाद जातो आणि रस्ता आत येतो. म्हणून स्टुडिओला उघड्या खिडक्या नसतात. भिंतींवरच सच्छिद्र फळ्या आणि जाड थर लावून बोलण्याच्या खोलीचा निनादकाळ साधारण पाव ते अर्ध्या सेकंदापर्यंत उतरवतात.

यानंतर येतो आवाज. तळहात तोंडासमोर धरून 'पण' आणि मग 'फणस', 'भात' म्हणून पाहा. हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज उठतो. त्यासाठी माइक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरतात. मराठीची आणखी एक गंमत आहे. 'जग' हा शब्द 'दुनिया' या अर्थी एका तऱ्हेनं उच्चारतात आणि 'जगणे' यातला दुसऱ्या तऱ्हेनं. लिपीत दोन्ही सारखेच. संहितेवर आधी खुणा केल्या नाहीत तर वाचणारा भर प्रसारणात अडखळतो.

संकलनाचं तंत्र आता पार बदललं आहे. पूर्वी चुंबकीय फीत सेकंदाला १९ किंवा ३८ सेंटिमीटर वेगानं फिरे आणि नको असलेला खोकला ब्लेडनं तिरका कापून काढत. तिरका अशासाठी, की जोडावर 'टक्' असा आवाज येऊ नये. आज संगणक सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा ध्वनीचं मोजमाप घेतो. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापं लागतात, म्हणून हा आकडा. एक युक्ती मात्र दोन्ही काळांत तीच: मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतता मुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कापलेल्या जागी ती भरली नाही, तर ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं.

हे सगळं प्रत्यक्ष करायला विद्यार्थ्यांना केंद्र हवं. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवाने खुले झाले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' त्याच वाटेवरची. २००६ च्या धोरणात अशा केंद्राची प्रभावी प्रक्षेपणशक्ती १०० वॅटपर्यंत ठरवली होती. जुन्या एका बल्बएवढ्या शक्तीत पाच-दहा किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र त्या धोरणात नव्हती. पत्रकार होऊ इच्छिणाऱ्या मुलाला ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी.

निवेदकाच्या जागा थोड्या, हेही सांगावं. संकलन, ध्वनिपुस्तकं, चित्रपटांचा ध्वनी यांत काम मिळतं, आणि तिथे गोड गळ्यापेक्षा तयार कान लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी मुलानं त्या महाविद्यालयात जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: एका विद्यार्थ्याला आठवड्याला स्टुडिओचे किती तास मिळतात, आणि मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले कार्यक्रम ऐकायला मिळतील का?